शॉर्ट इंटरेस्टचा आकडा कसा वाचायचा: भाचीला करून दाखवलेला हिशेब

भाची न्यू जर्सीला असते. परवा रात्री तिचा मेसेज आला, "मामा, माझ्याकडच्या एका शेअरमध्ये शॉर्ट इंटरेस्ट 24 टक्के दाखवतंय. विकून टाकू का?" कपड्यांची दुकानं चालवणारी कंपनी, तिच्याकडे 300 शेअर. मी सांगलीला एका ब्रोकरच्या शाखेत 19 वर्षं डीलर होतो. "यात मंदीवाले बसलेत" हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. पण मंदीवाले, म्हणजे भाव पडेल या आशेने आधीच विकून बसलेले, किती आहेत आणि त्यांना माल परत घ्यायला किती दिवस लागतील, हे विचारणारा क्वचितच भेटायचा. तिला फोनवर जो हिशेब करून दाखवला, तोच इथे मांडतो.

आधी शॉर्ट करणं म्हणजे काय ते. शेअर आपला नसताना विकायचा, भाव उतरला की स्वस्तात घ्यायचा आणि ज्याचा त्याला परत करायचा. 100 ला विकला, 80 ला घेतला, 20 सुटले. अमेरिकेत त्यासाठी ब्रोकरकडून शेअर उसना मिळतो. उसनवारीवर व्याज लागतं, आणि मधे कंपनीने डिव्हिडंड दिला तर तेवढी रक्कम शॉर्टवाल्याला मूळ मालकाला खिशातून भरून द्यावी लागते. म्हणजे नुसतं बसून राहायलाही पैसे पडतात.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. 100 ला घेतलेला शेअर शून्यावर गेला तरी 100 च जातात. 100 ला शॉर्ट केलेला 300 वर गेला तर 200 जातात, आणि 300 वर थांबेलच असं नाही. म्हणून शॉर्टमध्ये अडकलेला माणूस घाबरला की भाव बघत नाही, मिळेल त्या भावाला घेतो.

शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे असे विकलेले, पण अजून परत न घेतलेले एकूण शेअर. "24 टक्के लोकांना वाटतं भाव पडणार" असा त्याचा अर्थ नाही. ती बाजारावरची उसनवारी आहे. कंपनीच बुडाली तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे सगळे शेअर कधी ना कधी कुणीतरी विकत घ्यायचेच आहेत.

भाचीला म्हटलं, कागद घे आणि चार आकडे लिही. शॉर्ट असलेले शेअर 1 कोटी 20 लाख. फ्लोट, म्हणजे प्रवर्तकांच्या मुठीत नसलेले, बाजारात फिरणारे शेअर, 5 कोटी. रोजची सरासरी उलाढाल 15 लाख शेअर. आणि मागच्या वेळचा शॉर्टचा आकडा, 95 लाख.

पहिला भागाकार: 1 कोटी 20 लाख भागिले 5 कोटी, 24 टक्के. हा तिला आयता मिळाला होता. दुसरा जास्त कामाचा: 1 कोटी 20 लाख भागिले 15 लाख, 8. याला डेज टू कव्हर म्हणतात. बाजारातली सगळी खरेदी फक्त शॉर्टवाल्यांनीच केली तरी त्यांना बाहेर पडायला 8 दिवस लागतील. जिथे रोज 1 कोटी शेअर फिरतात तिथे हेच 24 टक्के सव्वा दिवसात मोकळे होतात. टक्केवारी एकच, पण परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक. तिसरी गोष्ट वजाबाकीची: 95 लाखांवरून 1 कोटी 20 लाख, म्हणजे 25 लाख नवे शॉर्ट. कुणीतरी एवढ्यातच पैसे लावलेत.

फ्लोट नीट का मोजायचा, याचं उदाहरण जर्मनीचं आहे. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये फोक्सवॅगनचे सुमारे 12-13 टक्के शेअर शॉर्ट होते. ऐकायला फार नाही. पण 26 ऑक्टोबरला पोर्शने जाहीर केलं की 42.6 टक्के शेअर त्यांच्याकडे आहेत आणि आणखी 31.5 टक्क्यांवर ऑप्शन्स, म्हणजे भाव आधीच बांधून ठेवणारे करार, आहेत. 20 टक्क्यांच्या वर लोअर सॅक्सनी राज्याकडे होते, आणि ते विकणार नव्हतं. राहिले जेमतेम 6 टक्के. 12 टक्के परत करायचे आणि बाजारात 6! दोन दिवसांत भाव 1,000 युरोच्या पलीकडे गेला.

100 टक्क्यांच्या वरचा शॉर्ट इंटरेस्ट बघून लोक गोंधळतात. हे शक्य आहे. माझा शेअर ब्रोकरने अ ला उसना दिला, अ ने तो ब ला विकला. ब ला तो उसना आहे हे कळायचं कारण नाही. त्याच्या ब्रोकरने तोच शेअर क ला उसना दिला, क ने ड ला विकला. शेअर एक, शॉर्ट दोन. जानेवारी 2021 मध्ये गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकन कंपनीत हेच झालं होतं. 20 डॉलरच्या आसपास असलेला शेअर 28 जानेवारीला 483 डॉलरला शिवून आला. आज चार्ट उघडलात तर हा आकडा दिसणार नाही, कारण जुलै 2022 मध्ये एकाचे चार शेअर झाले आणि जुने भाव चाराने भागून दाखवतात.

त्या प्रकरणावर अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर 2021 मध्ये अहवाल दिला, आणि मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शॉर्टवाल्यांनी घाबरून खरेदी केली हे खरं, पण एकूण खरेदीत तिचा वाटा लहान होता. भाव वर टिकला तो सामान्य लोकांच्या खरेदीवर. म्हणून शॉर्ट इंटरेस्ट मोठा दिसला की आता भडका उडणारच, या आशेने शेअर घेऊ नका. सुक्या गवतावर कुणीतरी काडी टाकावी लागते.

आता चुका कुठे होतात ते. अमेरिकेत हा आकडा महिन्यातून दोनदा येतो, महिन्याच्या मध्याचा आणि अखेरचा, आणि जाहीर व्हायला पुढे साधारण दीड आठवडा जातो. शेजारी तारीख लिहिलेली असते, ती आधी वाचा. दुसरी चूक सर्रास होते: रोज जाहीर होणारा शॉर्ट व्हॉल्यूम, म्हणजे त्या दिवसात शॉर्ट विकलेले शेअर, हा शॉर्ट इंटरेस्ट नव्हे. गिऱ्हाइकाला लगेच माल द्यायला मार्केट मेकर, म्हणजे खरेदी-विक्री दोन्हीला कायम तयार असलेला व्यापारी, आधी शॉर्ट विकतो आणि थोड्या वेळात भरून काढतो. त्यामुळे एखाद्या दिवशी व्हॉल्यूमचा 45 टक्के भाग शॉर्ट दिसला तरी संध्याकाळी त्यातलं फार थोडं उरलेलं असतं. आणि तिसरं, प्रत्येक शॉर्टवाला मंदीवाला नसतो. कंपनीचे परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे, घेऊन जोखीम कापण्यासाठी शेअर शॉर्ट करणारेही असतात. त्यांना कंपनीबद्दल वाईट काही म्हणायचं नसतं.

हेच सगळं आपल्याकडे कुठे बघायचं, असं वाचक विचारतील. भारतात अमेरिकेसारखा एकच ठळक आकडा लोकांच्या पाहण्यात नसतो. पूर्वी बदला नावाची पद्धत होती, तिच्यात शेअर न देता सौदा पुढे ढकलता यायचा. माल कमी पडला की मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागत, त्याला उंधा बदला म्हणत. 1982 मध्ये मंदीवाल्यांनी हातात नसलेले रिलायन्सचे शेअर धडाधड विकले, समोरच्यांनी ते घेतले आणि सौदा पुढे न ढकलता शेअरच मागितले. मुंबईचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. 2001 च्या जुलैत बदला बंद झाला.

आज कॅश सेगमेंटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष शेअरच्या बाजारात, तुम्ही-आम्ही शॉर्ट करतो ते त्याच दिवसापुरतं. बाजार बंद व्हायच्या आत कव्हर करायचं, म्हणजे परत विकत घ्यायचं. उसने घेऊन जास्त दिवस ठेवायचे तर एसएलबी, म्हणजे एक्स्चेंजवरची शेअर उसने देण्या-घेण्याची सोय, आहे, एप्रिल 2008 पासून, पण तिथे उलाढाल कमी. बाकी सगळा खेळ फ्युचर्समध्ये, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायच्या करारांत. तिथे ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले एकूण करार, बघतात: भाव उतरतोय आणि ओपन इंटरेस्ट वाढतंय तर नवे शॉर्ट, भाव चढतोय आणि ते घटतंय तर कव्हरिंग. हा अंदाज आहे, मोजणी नाही, कारण फ्युचर्समध्ये प्रत्येक विकणाऱ्यासमोर एक घेणारा असतोच. शिवाय आर्बिट्राज फंड, म्हणजे दोन बाजारांतल्या भावाचा फरक कमावणारे, शेअर विकत घेऊन त्याचंच फ्युचर विकतात. त्यांचे शॉर्ट मंदीत धरू नका.

कॅशमध्ये कव्हर झालं नाही तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. 2018 चा एक मंगळवार. फ्युचर्समध्ये नसलेला, 10 टक्के सर्किटचा (म्हणजे दिवसात भाव 10 टक्क्यांहून जास्त हलू देत नाहीत असा) छोटा शेअर, आदल्या दिवशीचा बंद भाव 105. सकाळी 109 ला 400 शेअर शॉर्ट केले, दोन रुपयांसाठी. दीडच्या सुमारास स्क्रीनवर 115.50, वरचं सर्किट. समोर विकणाऱ्यांचा रकाना कोरा. मी सव्वातीनपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. एक शेअरसुद्धा आला नाही. बुधवारी पुन्हा सर्किट, 127.05. गुरुवारी एक्स्चेंजने ऑक्शनमध्ये, म्हणजे न दिलेले शेअर मिळवायच्या लिलावात, माझ्या नावावर 138 ला शेअर घेतले. शेअरमागे 29, एकूण 11,600 रुपये, खर्च वेगळा. ऑक्शनमध्येही शेअर मिळाले नसते तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैशात मिटवणं, झालं असतं: सौद्याच्या दिवसापासूनचा सर्वात वरचा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर 20 टक्के, यातला जो जास्त तो. तेव्हापासून सर्किट असलेला शेअर मी शॉर्ट केला नाही, आणि शाखेत येणाऱ्या पोरांना आधी सर्किट बघायला लावायचो, मग चार्ट.

भाचीला शेवटी एवढंच विचारलं की 25 लाख नवे शॉर्ट कशामुळे आले असतील. तिने कंपनीचा तिमाही निकाल उघडला. विक्री तेवढीच, पण गोदामातला न विकलेला माल वर्षभरात जवळपास तिसऱ्या भागाने वाढलेला. कपड्यांच्या धंद्यात तो माल पुढच्या हंगामात सवलतीत काढावा लागतो. "हे मी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. 150 शेअर विकले, 150 ठेवले, आणि पुढचा शॉर्ट इंटरेस्ट ज्या दिवशी जाहीर होणार ती तारीख फोनमध्ये लावून ठेवली.