डेबियनमध्ये मिरर बदलताना पत्ता नीट कसा लिहावा

मिरर (पॅकेजेस जिथून उतरतात तो सर्व्हर) बदलला, ४०४ (फाइल सापडली नाही) आला, की हमखास सल्ला मिळतो: पत्त्यांची सगळी यादी पुसा आणि ही दुसरी चिकटवा. तसं करू नका. ऍप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेजेस उतरवणारी प्रणाली, तीन-चार तुकडे जोडून पत्ता तयार करते. कोणता तुकडा कुठे बसतो हे माहीत असलं की चूक तिथल्या तिथे सापडते.

आधी पत्त्यांची फाइल उघडा. ती काही मशीनवर सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरमधली डेबियन.सोर्सेस असते, तर काहींवर सोर्सेस.लिस्ट.

आता पाया, म्हणजे यूआरआयची ओळ. इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून सावकाश वाचा. पाया म्हणजे मिररवरचं ते फोल्डर, ज्यात ‘डिस्ट्स’ आणि ‘पूल’ शेजारी-शेजारी दिसतात. ब्राउझरमध्ये उघडून दोन्ही डोळ्यांनी बघा, मगच पत्ता लिहा. ऍप्ट या पायाला स्वतः ‘डिस्ट्स’ जोडते, पुढे सुइटचं, म्हणजे रिलीजचं नाव, उदाहरणार्थ ट्रिक्सी (डेबियन १३), आणि शेवटी ‘इनरिलीज’ ही फाइल. तुम्ही ‘डिस्ट्स’पर्यंतचा पत्ता दिलात तर ‘डिस्ट्स’ दोनदा येणार आणि ४०४ ठरलेला.

इनरिलीजमधून ऍप्टला पॅकेजेस या यादीचा मार्ग आणि हॅश (फाइल तीच आहे का हे तपासायचा ठसा) कळतो. त्या यादीत प्रत्येक पॅकेजला ‘फाइलनेम’ हा रकाना असतो, ‘पूल’पासून सुरू होणारा. तो पुन्हा पायालाच जोडला जातो, ‘डिस्ट्स’ला नाही. म्हणून पॅकेजचं नाव आणि आवृत्ती जोडून पत्ता अंदाजाने बनवणाऱ्या स्क्रिप्टवर माझा अजिबात विश्वास नाही. आवृत्तीच्या सुरुवातीला ‘१:’ असा एपॉक (आवृत्तीआधीचा क्रमांक) असेल तर पूलमधल्या फाइलच्या नावात तो नसतो. फोल्डर सोर्स पॅकेजच्या नावावरून ठरतं, आणि ‘लिब’ने सुरू होणाऱ्यांचं पहिल्या चार अक्षरांवरून. हे सगळं पाठ करण्यापेक्षा फाइलनेम वाचा.

सुइटच्या शेवटी तिरकी रेघ चुकूनही ठेवू नका. ती दिसली की ऍप्ट सपाट रिपॉझिटरी (‘डिस्ट्स’-‘पूल’ अशी रचना नसलेला साठा) समजते: ‘डिस्ट्स’ जोडत नाही, आणि पुढे ‘मेन’ हा विभाग लिहिला असेल तर ती नोंदच नाकारते.

सिक्युरिटी अपडेट्सचा पाया वेगळा, त्याच्या शेवटी ‘डेबियन-सिक्युरिटी’ असतं. डेबियन १० पर्यंत सुइट ‘बस्टर/अपडेट्स’ असा होता, ११ पासून ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ असा झाला. नुसतं बस्टरच्या जागी बुल्सआय घाला सांगणारे लेख त्यामुळे आजही लोकांची मशीन अडकवतात. खूप जुनं रिलीज असेल तर ते नेहमीच्या मिररवरून काढून आर्काइव्ह.डेबियन.ऑर्गवर हलवलेलं असतं, पायाच बदलावा लागतो.

फाइल जतन करा आणि ‘ऍप्ट-गेट अपडेट’ला ‘प्रिंट-यूआरआयज’ हा पर्याय द्या. काहीही न उतरवता इनरिलीजचे पूर्ण पत्ते छापले जातात. पत्ता ब्राउझरमध्ये उघडत नसेल तर उजवीकडून एकेक तुकडा खोडत जा. जिथे फोल्डर उघडतं, त्याच्या लगेच पुढचा तुकडा चुकलाय. सगळे उघडले की खरं अपडेट चालवा.

अपडेट झाल्यावरही एखादंच पॅकेज ४०४ देत असेल तर सेटिंगला हात लावू नका. नवी आवृत्ती आली की जुनी फाइल पूलमधून जाते, किंवा मिरर अजून पूर्ण सिंक झालेला नसतो. थोड्या वेळाने पुन्हा अपडेट करा.