दाताचं औषध मागण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचा

आमच्या कराडच्या मेडिकलमध्ये 'दात येतानाचं औषध' म्हणून मी वेगळं काही देत नाही. बाळाला दात येताना दुखतं तेव्हा द्यायचं ते साधं पॅरासिटामॉल, तेही गरज पडली तरच. बऱ्याच बाळांना ती गरज पडतच नाही.

पहिले दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतात, बहुधा खालचे पुढचे दोन. कुणाला चौथ्या महिन्यात, कुणाला पहिल्या वाढदिवसाच्या तोंडावर. लाळ गळते, हिरडी लाल होऊन फुगते, हाताला लागेल ते चावलं जातं. दिवसा अशा बाळाला औषध नको. हात साबणाने धुऊन बोटाने हिरडी हलकेच दाबून चोळा. स्वच्छ सुती फडकं उकळलेल्या गार पाण्यात भिजवून पिळा, फ्रिजमध्ये थंड करा आणि चावायला द्या. चावायचं खेळणं म्हणजे टीदर, तोही फ्रिजमध्येच ठेवायचा, बर्फाच्या कप्प्यात नाही. दगडासारखा गोठलेला टीदर हिरडीला इजा करतो. गाजराचा तुकडा हातात देऊ नका, दोन दात आले की त्याचा कपचा निघून घशात अडकतो.

मग औषध कधी? बाळ रडून रडून झोपत नाही, दूध ओढायला लागलं की सोडून देतं, आणि हिरडी खरंच सुजलेली दिसते, तेव्हा. बहुतेक वेळा झोपण्याआधीचा एक डोस पुरतो.

त्याआधी थर्मामीटर लावा. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दातांचा नसतो. हे सांगितलं की काउंटरपलीकडच्या आजी माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. ताप आणि जुलाब याच वयात होतात हे खरं आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरत असते, उष्टावण झालेलं असतं, बाळ रांगत जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालत असतं. मग आजार होतो आणि नाव दाताचं होतं. ताप, पातळ शी, उलट्या, कान ओढत रडणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

आता बाटली हातात घ्या. पॅरासिटामॉल तीन तऱ्हांनी मिळतं. छोट्या बाटलीतले ड्रॉप्स बहुधा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. साधं सिरप ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं. जास्त ताकदीचं सिरप ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅमचं. म्हणजे १०० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर ड्रॉप्स १ मिली, १२५ चं सिरप ४ मिली आणि २५० चं सिरप २ मिली. आता समजा, मागच्या वेळी १२५ चं सिरप होतं, डॉक्टरांनी '४ मिली' लिहिलेलं. या वेळी घरात ड्रॉप्स आहेत आणि कुणीतरी त्याच कागदावरून ४ मिली पाजलं. बाळाच्या पोटात चौपट औषध गेलं. ड्रॉप्स लहान बाळाचे म्हणून सौम्य, अशी समजूत मी रोज ऐकते. उलट तेच सर्वांत तीव्र असतात, थोडक्या थेंबांत डोस बसावा म्हणून. म्हणून 'किती मिली' एवढंच विचारू नका, 'कुठल्या बाटलीतलं किती मिली' असं विचारा, आणि दुसऱ्या कंपनीची बाटली हातात आली की आकडा पुन्हा वाचा.

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लसीच्या वेळी लिहिलेलं असतं, पण ते दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असेल तर अंगणवाडीत नवीन करून घ्या. किंवा बाळाला घेऊन घरच्या काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा. हे वजन सांगून, बाटली दाखवून डॉक्टरांकडून एकदा आकडा लिहून घेतला की रात्री धावपळ होत नाही. दोन डोसांत किमान चार तास, सहा असतील तर उत्तमच. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. दिल्याची वेळ फोनवर टाईप करून घरातल्या सगळ्यांना पाठवा. संध्याकाळी आईने दिलं आणि तासाभराने आजीने पुन्हा दिलं, हे एकत्र कुटुंबात सहज होतं. दोन दिवस रोज औषध द्यावं लागलं तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे.

घरातला चमचा वापरू नका. कुठल्याही दोन चमच्यांत एकसारखं औषध मावत नाही. बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा मापाचं झाकण वापरा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावायचा नाही. मी तर नवीन, बिनसुईची २ मिलीची सिरिंज घ्यायला सांगते, खुणा स्पष्ट दिसतात. तिचं टोपण आधी फेकून द्या, ते घशात जाऊ शकतं. बाटली हलवा, बाळाला मांडीवर अर्धवट बसवा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून पाजू नका. दुधाच्या बाटलीत मिसळू नका. बाळाने निम्मं दूध टाकलं तर औषध किती गेलं ते कळत नाही. लगेच ओकलं आणि ताप नसेल, तर पुन्हा देण्याची घाई करू नका. परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ कडेवर घेऊन फिरा.

आयबुप्रोफेन हे ताप-दुखण्याचं दुसरं औषध, ते सहा महिन्यांच्या आत नाही, आणि नंतरही डॉक्टरांनी सांगितलं तरच, पोटात काही गेल्यावर. जुलाब-उलट्या चालू असताना ते मूत्रपिंडांवर ताण आणतं. पावसाळ्यात तापलेल्या बाळाला तर नकोच. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. काही सिरपांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. सर्दीच्या कित्येक ड्रॉप्समध्येही पॅरासिटामॉल असतं. तसं औषध चालू असताना वरून पॅरासिटामॉल दिलं तर ते दुप्पट होतं. लेबलवरची बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर बाटली घेऊन दुकानात या, वाचून दाखवणं हे आमचं कामच आहे.

हिरडीला लावायची जेल मी बाळासाठी देत नाही, यावरून गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. बधिर करणाऱ्या जेलमध्ये लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असतं. लाळेबरोबर जेल मिनिटांत पोटात जाते. बेंझोकेनने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते. लिग्नोकेन जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, ते अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. ब्रिटनमध्ये २००९ पासून त्याच्या जेल सोळा वर्षांखालच्यांना देत नाहीत. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइड या ताप-दुखण्याच्या औषधावर आपल्याकडे बारा वर्षांखालच्यांसाठी २०११ मध्ये बंदी आली, तरी मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे भेटतात. लवंगेचं तेल, ब्रँडीचं बोट, वर्षाच्या आत मध, हेही नको. मधातून होणारा बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा आजार, क्वचित होतो, पण झाला तर बाळाचे स्नायू लुळे पडतात. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांनी दाताचं दुखणं थांबतं याला पुरावा नाही, आणि खरा धोका असा की त्यांच्या भरवशावर जुलाब चार दिवस अंगावर काढले जातात.

चुकून जास्त पॅरासिटामॉल गेलं तर बाळ हसत-खेळत असलं तरी थांबू नका. यकृताची इजा दिसायला एक-दोन दिवस लागतात. उतारा मात्र पहिल्या काही तासांत दिला तर फार चांगला लागू पडतो. बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा आणि किती वाजता किती दिलं ते सांगा. बाटली फोडल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहा, ती वरच्या फळीवर ठेवा, आणि मोठ्या भावंडाला 'गोड औषध' म्हणून चाटवू नका.