चिमुरड्यांना घेऊन बार्बाडोस? आधी या चुका टाळा

थंडी पडायला लागली की न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "ताई, तुम्ही नेहमी बार्बाडोसला जाता ना, मुलांना घेऊन जावं म्हणतोय, जरा टिप्स द्या." द्यायला माझी ना नाही. पण चार प्रश्न विचारले की कळतं, तिकिटं काढून झालीत, भाड्याच्या घराचे पैसे भरून झालेत, आणि टिप्स हव्यात त्या फक्त "काय काय बघायचं" याच्या. बघायचं काय ते कोणीही सांगेल. नडतं ते त्याच्या आधीचं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे सहा-सात वर्षांच्या आतली मुलं असणाऱ्यांसाठी आहे. मुलं मोठी असतील तर तुम्ही खुशाल हवं ते करा.

घर कुठल्या किनाऱ्यावर आहे हे न बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद, तेव्हा कुठेही राहिलं तरी समुद्र जवळच, असा हिशेब लोक करतात. समुद्र जवळ असतो, पण तो एकच समुद्र नसतो. पूर्वेला अटलांटिक आहे. आफ्रिकेपासून मध्ये काहीही आडवं न येता आलेल्या लाटा बाथशेबाच्या खडकांवर आपटतात. सर्फिंग करणारे त्यासाठी जगभरातून येतात. पाण्याची ओढ अशी की पट्टीच्या पोहणाऱ्यानेही तिथे जपून राहावं. पश्चिमेला, होलटाऊनच्या बाजूला, कॅरिबियन समुद्र आहे. बेटाची पाठ वाऱ्याला असल्यामुळे तिथे पाणी बहुतेक दिवस शांत असतं. दक्षिण किनारा या दोन्हींच्या मधला. त्यात वर्दिंगसारखी जागा मिळाली, जिथे प्रवाळाची रांग लाटा बाहेरच अडवते, तर लहान मुलांना याहून बरं काही नाही.

ओळखीतल्या एका जोडप्याने मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावर घर भाड्याने घेतलं. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. "अगं, बेडवर पडल्या पडल्या समुद्र दिसतो, आणि होलटाऊनच्या निम्म्या भावात!" निम्म्या भावात का, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. पोचले तर किनाऱ्यावर गुडघाभर तपकिरी शेवाळाचा थर, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास. हे सरगॅसम. २०११ पासून अटलांटिकमधून तरंगत ते कॅरिबियनकडे लोंढ्याने यायला लागलंय. वसंतात आणि उन्हाळ्यात त्याचा जोर जास्त, आणि मार बसतो तो पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांना. शेवाळ नसतं तरी मुलांना त्या लाटांत उतरवता आलं नसतंच. मग रोज सकाळी दोन कार सीट, बादल्या, फावडी, दुधाच्या बाटल्या असा संसार गाडीत भरायचा आणि डोंगराच्या वळणांवरून पश्चिमेला जायचं. मुलगी वळणांवर उलटी करायची. परतताना गाडीत तिचा डोळा लागायचा, म्हणजे दुपारच्या झोपेचं खोबरं. चौथ्या दिवशी मुलाने बाल्कनीतून अटलांटिककडे बघत विचारलं, "आपण समुद्रावर कधी जाणार?" त्याची आई हा किस्सा आता हसत सांगते. तेव्हा हसत नव्हती.

माझी पद्धत साधी आहे. आधी मुलं ज्या पाण्यात उतरणार तो किनारा ठरवायचा, मग त्याच्याजवळ चालत जाता येईल असं घर शोधायचं. घराचे फोटो मी सगळ्यात शेवटी बघते. उपग्रहाचा नकाशा उघडून दारापासून वाळूपर्यंतचा रस्ता बोटाने चालून बघायचा. मध्ये हमरस्ता ओलांडावा लागतो का? उतरायला पायऱ्या आहेत का? मालकाला निरोप टाकून या आठवड्यातला फोटो मागवायचा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचं घर मी घेत नाही. "पण दिवसाला इतके डॉलर वाचत होते" असं म्हणणाऱ्यांनी गाडीचं भाडं, पेट्रोल आणि आपल्या डोक्याची किंमत धरून पुन्हा बेरीज करावी.

पश्चिम किनारा शांत म्हणून तिथेही निर्धास्त होऊ नका. वारा जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतो. म्हणजे पश्चिमेच्या किनाऱ्यावर तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. हवा भरलेलं बदक, फ्लेमिंगो, गादी असली खेळणी त्या वाऱ्याने बघता बघता खोल पाण्यात जातात, आणि त्यावर बसलेलं मूलही जातं. पाणी इतकं स्थिर दिसतं की कोणाच्या लक्षातच येत नाही. ती खेळणी स्विमिंग पूलमध्ये ठेवा. समुद्रात अंगाला बसणारं लाइफ जॅकेटच हवं, तेही घरून नेलेलं, कारण भाड्याने मिळणारी बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून मोठी लाट पश्चिमेलाही येते. लाल झेंडा दिसला की वाळूत किल्ले करायचे.

बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, मग झालं तर!

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे खरं. अडचण अमेरिकेत परतण्याची आहे. एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असतो, हातात आय-७९७ मंजुरीचा कागद असतो, आणि नोकरी चालू आहे तर आत घेतीलच अशी खात्री असते. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने तर नियमच ऐकवला होता: संपलेल्या स्टॅम्पवर तीस दिवसांच्या आत परत येता येतं. त्याचा भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना तसाच बार्बाडोसला जाऊन आला होता. भाच्याचं बरोबर होतं. ती सवलत विद्यार्थ्यांना जवळच्या बेटांसाठीही आहे. एच-१बी ला मात्र ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. हे त्यांना बॅगा भरताना कंपनीच्या वकिलाकडून कळलं. घराचे पैसे बुडाले, मुलांना समजावताना नाकी नऊ आले, आणि शेवटी सगळे पोर्तो रिकोला गेले.

खरं तर ती पहिली निवड असायला हवी होती. पोर्तो रिको हा अमेरिकेचाच प्रदेश, त्यामुळे विमान देशांतर्गत, स्टॅम्पचा प्रश्नच नाही. फक्त कागदपत्रं सोबत असू द्यावीत. तिथली राजधानी सॅन हुआनपासून तासाभराच्या आत लुकियोचा किनारा आहे, तिथलं पाणी लहानग्यांना छान. येताना विमानतळावर शेतीखात्याचे लोक बॅगा तपासतात, म्हणून फळं आणू नका. "बार्बाडोसलाच अमेरिकेच्या वकिलातीत नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग उरकून घेऊ का?" असंही मला विचारलं जातं. तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन सुट्टीत वकिलातीच्या खेपा घालायची हौस ज्याला असेल त्याने घालाव्यात.

अमेरिकेत जन्मलेल्या तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो यायला आठवडे जातात. आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेणार असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या.

झाडाखाली चादर अंथरणं

बार्बाडोसच्या किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. दाट सावली, छान हिरवी पानं, आणि खाली पडलेली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी गोड वासाची फळं. हे झाड मुळापासून फळापर्यंत विषारी आहे. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना याच्या चिकाने काय होतं ते सांगायला नको. फळाचा एक चावा घेतला तरी तोंड-घसा भाजून सुजतो. पाऊस आला म्हणून याच्या खाली उभं राहिलात तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. पुष्कळ ठिकाणी खोडाला लाल पट्टा मारलेला असतो किंवा पाटी लावलेली असते. पण पट्टा नाही म्हणून झाड सुरक्षित, असं समजू नका. मी मुलांना एकच नियम सांगते: वाळूत पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही. बसायला नारळाची सावली, नाहीतर आपली छत्री.

पावसाळी वादळांकडे दुर्लक्ष

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त काळजीचे. बार्बाडोस बेटांच्या ओळीपासून जरा पूर्वेला सुटं पडलेलं आहे आणि बरीच वादळं त्याच्या उत्तरेने निघून जातात. त्यामुळे "तिथे काही होत नाही" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी २०२४ ची आठवण करून देते. २९ जूनला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि पाठोपाठ बेरिल वादळ आलं. विमानतळ बंद. विश्वविजेता संघ हॉटेलात अडकला आणि खास विमानाने ४ जुलैला भारतात पोचला. मरीन ड्राइव्हवरची ती गर्दी त्याच संध्याकाळची. तुमच्यासाठी खास विमान येणार नाही. या महिन्यांत स्वस्त मिळतं म्हणून जायचंच असेल तर प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला चालत नाही. मुलांचं नेहमीचं औषध चार दिवस जास्तीचं ठेवा.

दिवसाला पाच ठिकाणं

हॅरिसन्स केव्ह, माकडं, ब्रिजटाऊन, कासवं, रात्री ऑइस्टिन्सला मासे. हे सगळं एका दिवसात बसवलेला तक्ता मला एकाने एक्सेलमध्ये पाठवला होता. दोन वर्षांच्या मुलाची झोप कुठल्या रकान्यात आहे, असं विचारलं, तर म्हणाला, "गाडीत झोपेल." गाडीत झोपलेलं मूल रात्री नऊला रेस्टॉरंटमध्ये काय करतं ते बाकीच्या टेबलांवरच्या लोकांना विचारा. सकाळी एक गोष्ट, दुपारी घर, चारनंतर समुद्र. एवढंच. तिथे अंधार लवकर आणि भराभर पडतो, डिसेंबरात पावणेसहाच्या आतच सूर्य बुडतो. गुहेत छोट्या ट्रामने जायचं असतं, मुलांना ते आवडतं. हिरव्या माकडांनाही हात लावायला जाऊ नका, ती चावतात. बाथशेबाला जायचं तर ओहोटीच्या वेळी. तेव्हा खडकांमधल्या डबक्यांत मुलांना हात धरून बसवता येतं.

बाकीच्या, पण रोजच्या

ऊन. "आपण सावळे, आपल्याला काय होतंय" हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. बेट चेन्नईच्या अक्षांशावर आहे आणि सतत वारा असल्यामुळे अंग भाजतंय ते कळत नाही. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला, सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, सावलीत ठेवा.

लष्करी ठिपक्यांचे (कॅमोफ्लाज) कपडे. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या कोणीही ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. टोपी, चड्डी, पाठीवरची बॅग, सगळं बघून घ्या.

गाडी. तिथे वाहनं डावीकडून चालतात. "पुण्यात चालवलीय की" म्हणणाऱ्यांनी पुण्यात शेवटची कधी चालवली ते आठवावं. रस्ते अरुंद, कडेला उसाची शेतं, आणि टॅक्सीला मीटर नाही. भाडं बसण्याआधीच ठरवा. कार सीट आपली न्या.

पैसे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. किंमत ऐकली की "कुठला डॉलर?" असं विचारायचं.

डास. डेंग्यू आहे. संध्याकाळी पाय झाका.

जेवण. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊन पैसे घालवू नका. बाकी बहुतेक सगळं बाहेरून येतं म्हणून महाग, डायपर तर विचारूच नका. पहिल्या तीन दिवसांचे तरी घरून न्या. भात, डाळ, मेतकूट आणि छोटा कुकर ही माझी सोय. बाहेर खायचं तर रोटीच्या दुकानात बटाटा-छोल्यांची रोटी मिळते. त्रिनिदाद-गयानाकडच्या भारतीय वंशाच्या लोकांची ही देणगी, फक्त तिखट आहे का ते विचारा. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, मुलं हमखास खातात, अंडं चालत नसेल तर आधी चौकशी करा. आणि कोकणातल्यांनी ब्रेडफ्रूट जरूर मागावं. तोच आपला नीरफणस, १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून या बेटांकडे आणलेला. तळलेल्या कापा मुलं बटाट्याच्या म्हणून खातात, त्यांना सांगायची गरज नाही.

परतीचा दिवस. घर सकाळी सोडायचं आणि विमान दुपारी उशिरा, मग "तेवढ्यात शेवटचं एकदा डुंबून घेऊ" अशी टूम निघते. नको. ओले कपडे, वाळूने भरलेले पाय, भुकेलेली मुलं, आणि पुढे चार-पाच तासांचं विमान. त्या सकाळी मुलांना झाडाखाली चित्रं काढायला बसवा. झाड कुठलं ते मात्र आधी बघा.