आई-बाबांना घेऊन नागपूरहून पचमढी: एका गाडीवाल्याचं सांगणं

मी मानकापूरला राहतो, टुरिस्ट गाडी चालवतो. पचमढीचं भाडं आलं की गिऱ्हाइकाला पहिले एकच सांगतो: पहाटे पाचला निघू, घाट उजेडात चढू. रात्रभर चालून सकाळी पोचायचा हट्ट असला तर मी ते भाडं घेत नाही. मागच्या सीटवर कोणाची तरी म्हातारी आई बसलेली असते.

रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, थांबत-थांबत सहा तास धरा. सौंसरजवळ जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं दर्शन होते, म्हाताऱ्या माणसांचे पायही मोकळे होतात. पुढे सिल्लेवानीचा घाट. ज्याला गाडी लागते त्याला इथं समोर बसवा आणि त्याआधी भरपेट खाऊ देऊ नका. जेवण छिंदवाड्यालाच करा. टाकीही तिथंच फुल्ल करून घ्या. तामियाला दरी पाहायला दहा मिनिटं थांबाच, पण जवळची पातालकोटची खोल दरी याच फेरीत उरकायचा विचार सोडा. त्याला वेगळा दिवस पाहिजे. मटकुलीला पिपरियाचा रस्ता येऊन मिळतो, तिथून शेवटचे पंचवीसेक किलोमीटर चढ आणि वळणं.

रेल्वेनं जायचं तर इटारसीला गाडी बदलून पिपरिया, आणि तिथून पन्नासेक किलोमीटर बस किंवा जीप. पोरं-पोरं असाल तर ठीक आहे. म्हाताऱ्यांना सामानासकट एवढी चढ-उतर करायला लावू नका.

पचमढीत पोचल्यावर आपली गाडी लॉजवर उभी करा. गावाजवळच्या पांडव गुंफा, जटाशंकर आपल्या गाडीनं होतात. धूपगड, बी फॉल या जंगलातल्या ठिकाणांना मात्र परवाना आणि तिथली नोंदणीची जिप्सीच लागते. बसायच्या आधी दोन गोष्टी ठरवा: भाडं माणशी की गाडीचं, आणि त्यात कोणकोणते पॉइंट. परवान्याचे पैसे त्यात धरले की नाही, तेही विचारा. ओळखपत्र सोबत ठेवा.

पोचल्या दिवशी जटाशंकर पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर महादेव. बडा महादेवची गुहा सगळ्यांना जमते. गुप्त महादेवची वाट इतकी अरुंद आहे की आडवं होऊन सरकावं लागते. दम लागणाऱ्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. चौरागडाच्या, म्हणजे डोंगरावरच्या महादेवाच्या देवळाच्या, पायऱ्या हजाराच्या वर आहेत. महाशिवरात्रीला आपल्या विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन त्या चढतात, वर त्रिशुळांचा ढीग लागलेला दिसतो. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जरूर चढावं. वर जाताना हातात प्रसादाची पिशवी दिसू देऊ नका, माकडं ओढतात. आई-बाबांना हांडी खोह आणि प्रियदर्शिनी पॉइंट दाखवा: तिथं फार चालणं नाही आणि दरी डोळ्यांत मावत नाही. १८५७ साली कॅप्टन फोर्सिथनं पचमढीचं पठार पाहिलं ते याच प्रियदर्शिनीवरून, असं सांगतात. दुपारी सगळ्यांना झोपू द्या. संध्याकाळी धूपगड, १३५२ मीटर, साऱ्या सातपुड्यात उंच. सूर्य बुडताच वर गार वारा सुटतो, म्हणून स्वेटर मे महिन्यातही घ्या.

बी फॉल शेवटच्या सकाळी ठेवा. उतरताना सोपा वाटतो, पण पायऱ्या खूप आहेत आणि परत चढायच्याही त्याच.

नागपंचमीच्या आसपास मात्र फिरायला म्हणून जाऊ नका. नागद्वार या नागदेवाच्या ठिकाणाची जंगलवाट वर्षातून तेवढेच दिवस उघडते, गावोगावचे यात्रेकरू तेव्हा तिथं असतात आणि खोल्या त्यांना लागतात. यात्रेलाच जायचं असेल तर सामान कमी, पायात पकड असलेले बूट, हातात काठी. आणि प्लास्टिक परत आपल्याच पिशवीत आणा. ते डोंगर महादेवाचे आहेत.

परतताना दुपारी बाराच्या आत पचमढी सोडा, म्हणजे सिल्लेवानी अंधाराआधी उतरून होते.