कोरिलेशन मॅट्रिक्समध्ये ऋण आयगेनव्हॅल्यू? या चुका टाळा

व्याजदराच्या मॉडेलमध्ये चोलेस्की (कोरिलेशन मॅट्रिक्स, म्हणजे परस्परसंबंधांचा तक्ता, त्रिकोणी भागांत फोडण्याची रीत) अडलं, की पहिला मोह होतो ऋण आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सच्या एकेका स्वतंत्र दिशेतला चढउतार, जो ऋण असूच शकत नाही) शून्य करून पुढे जाण्याचा. आधी ती किती मोठी आहे ते पाहा. दशांशचिन्हानंतर पंधरा-सोळा घरं ओलांडून आकडा येत असेल, तर ती राउंडिंगची करामत, सोडून द्या. −०.१३ सारखी आली तर डेटाच बिघडलाय.

समजा २, ५ आणि १० वर्षांच्या यील्डमध्ये (रोख्यांवरच्या परताव्याच्या दरांमध्ये) शेजारच्या जोड्यांचं कोरिलेशन ०.९ आणि टोकांचं ०.३ आहे. आयगेनव्हॅल्यू येतात २.४३, ०.७० आणि −०.१३. दोन्ही ०.९ खरे असतील तर तिसरा आकडा ०.६२ च्या खाली जाऊच शकत नाही. ऋण मूल्य शून्य करून कर्णावर पुन्हा १ आणले, की संशयास्पद ०.३ चे होतात जेमतेम ०.३२, आणि धडधाकट ०.९ चे ०.८१. चोर सोडून संन्याशाला सुळी!

मग ०.३ आला कुठून? बहुधा प्रत्येक जोडीसाठी वेगवेगळ्या तारखा वापरल्यामुळे. सगळ्या मुदतींना समान असलेल्याच तारखा ठेवा. मग ऋण मूल्य येणारच नाही. पणजीच्या डेस्कवर हाताने भरलेल्या शीटमध्ये ३ डिसेंबर (सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त) आणि १९ डिसेंबर (मुक्तिदिन) गाळले जातात, मुंबईचा बाजार मात्र चालू असू शकतो. अशा वेळी एका रकान्यात दोन दिवसांचा बदल, दुसऱ्यात एका दिवसाचा. गोवा सरकारच्या कर्जरोख्यांचे सौदे रोज होतीलच असं नाही. कालचाच भाव पुढे ओढला तर बदल शून्य दिसतो आणि कोरिलेशन खोटंच घसरतं. तिथे साप्ताहिक बदल घ्या. यील्डच्या पातळ्या मात्र कधीच नकोत, नेहमी बदलच.

६० दिवसांत १० मुदती बसवू नका. मुदतींमध्ये काहीच संबंध नसला, म्हणजे सगळ्या आयगेनव्हॅल्यू १ असायला हव्यात, तरी मार्चेंको-पास्तूरच्या (निव्वळ योगायोगाचा पसारा सांगणाऱ्या) सूत्राने त्या साधारण ०.३५ ते १.९८ पसरतात. २५० दिवस घेतले तर ०.६४ ते १.४४.

लेव्हल (सगळे दर एकत्र सरकणं), स्लोप (छोट्या-लांब मुदतींतला उतार बदलणं), कर्व्हेचर (मधला बाक बदलणं) दिसले म्हणून मॅट्रिक्स बरोबर, असंही समजू नका. मुदतीतल्या अंतराप्रमाणे घातांकी घटणाऱ्या कोणत्याही कोरिलेशनमधून हेच आकार निघतात: पहिल्या आयगेनव्हेक्टरमध्ये (सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या दिशेत) चिन्ह बदलत नाही, दुसऱ्यात एकदा बदलतं, तिसऱ्यात दोनदा. एकंदर चिन्ह सॉफ्टवेअर मनाला येईल तसं उलटवतं. म्हणून लेव्हलमध्ये सगळ्यात लांब मुदतीचा घटक धन ठेवायचा, स्लोपमध्येही तोच धन. नाहीतर कालचा फॅक्टर (लेव्हल किंवा स्लोपची हालचाल) आणि आजचा फॅक्टर उलट दिशेने धावताना दिसतील.