जुन्या गाडीच्या सस्पेन्शनच्या कामाला नेमकं टूल कसं शोधायचं

जुन्या गाडीचं सस्पेन्शन खोलायचं ठरलं की बहुतेक जण आधी स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं टूल, सर्च करतात आणि जो बरा दिसेल तो मागवून मोकळे होतात. मग गाडी स्टँडवर चढते, चाक निघतं आणि तेव्हा कळतं की हुक स्प्रिंगपर्यंत पोचतच नाहीत, किंवा पोचले तरी स्क्रू फिरवायला पान्याला जागाच नाही. माझं म्हणणं एवढंच की टूलचं नाव शोधायच्या आधी आपल्या गाडीत स्प्रिंगचा ताण नेमका कुठे अडकलाय आणि तो कुठून मोकळा होणारे हे शोधा. ते कळलं की टूल जवळपास ठरल्यासारखंच असतं, आणि कधीकधी तर वेगळं टूल घ्यावंच लागत नाही.

आता बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो दोन लांब स्क्रू आणि हुकवाला कॉम्प्रेसर, तो मुळात मॅकफर्सन स्ट्रटसाठी, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबासाठी, चांगला. ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून गाड्यांमध्ये रुळली, त्यात अख्खा स्ट्रट बाहेर काढून टेबलावर ठेवता येतो आणि स्प्रिंग चहूबाजूंनी उघडी असते म्हणून हुक आरामात बसतात. पण कितीतरी क्लासिक गाड्यांना डबल विशबोन असतं, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आर्म आणि स्प्रिंग खालच्या आर्म आणि वरच्या क्रॉसमेंबरच्या खोबणीत दाबून बसवलेली, तिथे बाहेरून हुक लावायला जागाच मिळत नाही. अशा ठिकाणी स्प्रिंगच्या आतून जाणारा कॉम्प्रेसर लागतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ चं उदाहरण घ्या, तिच्या पुढच्या स्प्रिंगला वेटोळ्यांमध्ये सरकवायच्या दोन प्लेटा आणि मधून जाणारा स्क्रू असलेलंच टूल पाहिजे, हुकवाल्याने तिथे खटपट करू नका.

एमजीबीमध्ये मात्र स्प्रिंगच्या खाली सुटा पॅन असतो, तो बोल्टने आर्मला लावलेला. इथे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचे) आट्याचे रॉड घालायचे, मग बाकीचे बोल्ट काढायचे आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे सैल करत पॅन खाली आणायचा. रॉड मात्र इतका लांब पाहिजे की स्प्रिंग पूर्ण मोकळी झाल्यावरही नट आट्यावरच राहील, अर्ध्यात रॉड संपला तर उरलेला सगळा ताण एकदम सुटेल.

मिनीची गोष्टच वेगळी. १९५९ पासूनच्या मिनीत स्प्रिंगच्या जागी ॲलेक्स मोल्टनने केलेला रबराचा कोन (शंकूसारखा तुकडा) असतो, मधली काही वर्षं हायड्रोलास्टिक, म्हणजे द्रवावर चालणारं सस्पेन्शन, होतं ती सोडून. पुढचा कोन दाबायला वरून सबफ्रेमच्या टॉवरवर बसणारं आणि मधला स्क्रू कोनमध्ये आट्यात जाणारं टूल लागतं, आणि इथेच लोक फसतात कारण जुन्या कोनचे आटे इंची आणि नंतरच्यांचे मेट्रिक. दोन्ही स्क्रू मिळणारा सेटच घ्या, गाडीच्या सालावर जाऊ नका, मधे कुणी कोन बदललेला असू शकतो.

मॉरिस मायनर किंवा साधी बीटल (पुढे स्ट्रट असलेली सुपर बीटल नव्हे) असेल तर कॉइल स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा आहे, म्हणजे कॉम्प्रेसर विसरा. तिथे आर्मला खालून आधार द्यायला भक्कम जॅक, खुणा करायला पंच आणि आर्म किती अंशात आहे ते मोजायचं साधन (अँगल गेज) एवढं पाहिजे. बीटलच्या मागच्या बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात, आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक दात म्हणजे जेमतेम ८ अंश १० मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), त्यामुळे एक दात इकडे आणि एक उलटा तिकडे केला की फक्त ५० मिनिटांचा फरक पडतो. इतकं बारीक काम नजरेने होत नाही, अँगल गेज घ्याच.

मी टूलवर इतका अडून बसतोय त्याचं कारण साधं गणित आहे. समजा स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ४० न्यूटन लागतात आणि ती १०० मिलिमीटर दबलेली आहे, तर ती ४००० न्यूटनने म्हणजे साधारण ४०० किलोच्या जोराने ढकलतेय, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा २०० जूल, म्हणजे २० किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडावं तेवढी. त्यामुळे दोरी, साखळी, तारा बांधून काम भागवायचा विचारही करू नका प्लीज.

आता मापं. टूल मागवायच्या आधी गाडीखाली व्हर्निअर घेऊन जा आणि स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेटोळ्याचा आतला व्यास, दोन वेटोळ्यांमधली फट, आणि शॉकअब्सॉर्बर काढल्यावर वर-खाली केवढं भोक उरतं ते मोजा. या शेवटच्या मापाकडे कोणी बघत नाही पण आतला कॉम्प्रेसर त्याच भोकातून आत जाणार असतो! फट मोजताना गाडीचं वजन चाकावर असताना आणि चाक लोंबकळत असताना दोन्ही वेळा मोजा, कारण टूल लावताना आर्म खाली गेलेला असतो. जाड पुठ्ठ्यातून टूलच्या प्लेटच्या मापाचा गोल कापून तो वेटोळ्यात सरकतो का बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

फॅक्टरीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर त्यात स्पेशल टूलचे नंबर असतात, जसं मिनीच्या कोनचं १८जी ५७४बी. त्या नंबरने शोधलं तर मूळ टूल किंवा त्याची हुबेहूब कॉपी सापडते, नाहीतर निदान चित्र बघून ते नेमकं कुठे धरतं आणि कुठे ढकलतं ते तरी कळतं. वन-मेक क्लबकडे, म्हणजे एकाच कंपनीच्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबकडे, अशी टूल्स बऱ्याचदा उसनी मिळतात. मिळालेल्या टूलचे आटे ब्रशने साफ करून बघा, दबलेले किंवा चपटे झालेले आटे, वाकलेला स्क्रू, हुकाच्या कोपऱ्यात बारीक चीर, यातलं एक जरी दिसलं तरी परत करा. चांगलं असेल तर आट्यांना ग्रीस लावा आणि हातानेच फिरवा, इम्पॅक्ट गन नको.

पाने-सॉकेटचं थोडक्यात सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ ही जुनी ब्रिटिश इंची मापं, साधारण पन्नासच्या दशकानंतर एएफ (इंचातच, पण नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधली रुंदी), युरोपियन गाड्यांवर मेट्रिक. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही, म्हणून पाव इंच व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटरचा निघतो. पाऊण इंच एएफला १९ चा सॉकेट जवळपास चालतो, पण ११/१६ म्हणजे १७.४६, तिथे १७ बसत नाही आणि १८ ने कोपरे झिजतात. गंजलेल्या नटाला सहा कोनीच सॉकेट लावा. मिनीच्या हबच्या बॉल जॉइंटला (हब आणि आर्म जोडणारा गोळ्याचा सांधा) दीड इंचाचा सॉकेट लागतो, तो आधीच आणून ठेवा.

बॉल जॉइंट सोडवायला चिमट्यासारखा दिसणारा पिकल फोर्क स्वस्त असतो पण रबरी बूट हमखास फाडतो, त्यामुळे जॉइंट बदलणारच असाल तरच तो. जुना जॉइंट परत वापरायचा असेल तर स्क्रूवाला किंवा लिव्हरवाला सेपरेटर घ्या आणि जबड्याचं उघडणं आपल्या आर्मच्या जाडीशी ताडून बघा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, मग जॉइंटचा टेपर (निमुळता दांडा) सुटला तरी आर्म अंगावर येत नाही.

बुशसाठी, म्हणजे आर्मच्या भोकात बसणाऱ्या रबर भरलेल्या नळीसाठी, तर टूल घरीच बनतं: हाय टेन्साइल रॉड, दोन नट, जाड वायसर आणि दोन पाइपचे तुकडे किंवा मोठे सॉकेट. ढकलणारा तुकडा बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान, आणि ज्यात बुश येणार तो तुकडा त्या नळीपेक्षा थोडा मोठा पण आर्मच्या कडेवर टेकणारा. फक्त मधल्या रबरावर जोर दिला तर रबर फाटून बाहेर येतं आणि नळी तशीच आत राहते, मग ती हॅकसॉने कापत बसावं लागतं.

टॉर्क रेंच घेताना आपल्या बोल्टचा आकडा त्याच्या रेंजच्या मधोमध येतोय का बघा, आणि मॅन्युअलमध्ये फूट-पाउंड असेल तर १.३५६ ने गुणा, म्हणजे न्यूटन मीटर मिळतात. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, नेहमीच्या उंचीवर असताना. लोंबकळत्या आर्मला आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवीन बुश लवकर फाटतो. त्या वेळी गाडीखाली जागा कमी असते, म्हणून आखूड रॅचेट आणि लांब एक्स्टेंशन हे दोन्ही आधीपासून हाताशी ठेवा.