व्हेक, ॲट्रा की रोक्यू? तालुक्याच्या थिएटरात रिलॅक्संट वापरताना

भूलशास्त्रातलं डी.ए., एम.डी. उरकून आपल्याकडं प्रॅक्टिसला उतरणाऱ्यांसाठी लिहिते आहे. विषय रिलॅक्संट, म्हणजे ऑपरेशनसाठी स्नायू सैल करणारी औषधं: व्हेक (व्हेक्युरोनियम), ॲट्रा (ॲट्राक्युरियम) आणि रोक्यू (रोक्युरोनियम). मी परभणी, जिंतूर, सेलू अशी फिरून भूल देते, त्यामुळे सुरुवात फ्रीजपासून.

ॲट्राक्युरियम आणि रोक्युरोनियम २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं. मे महिन्यात दुपारभर लाइट नसते, तेव्हा नर्सिंग होमच्या फ्रीजवर डोळे मिटून विसंबू नका. ॲट्राक्युरियम गरम राहिलं की ॲम्प्यूलमध्येच कमजोर होत जातं. व्हेक्युरोनियम कोरडी पावडर, त्याला फ्रीज लागत नाही. बॅग तेवढी उन्हातल्या गाडीत सोडू नका.

डोस किलोमागे: व्हेक ०.१ मिग्रॅ, ॲट्रा ०.५, रोक्यू ०.६. व्हेकची ४ मिग्रॅची व्हायल ४ मिली पाण्यात विरघळवली की हिशेब सोपा. पण ५० किलोच्या पेशंटला ५ मिग्रॅ लागतात, म्हणजे दुसरी व्हायल आधीच फोडून ठेवा. श्वासनलिकेत नळी टाकायला तीन मिनिटं थांबा. सर्जन घाई करणारच. पोट भरलेलं असेल आणि स्कोलीन (झटपट काम करणारं रिलॅक्संट, सक्सिनिलकोलीन) चालत नसेल तर रोक्यू किलोमागे १.२ मिग्रॅनं द्या, मिनिटभरात काम होतं. झोप आणणारं थायोपेंटोन दिल्यावर सलाइननं लाइन धुतल्याशिवाय व्हेक किंवा रोक्यू सोडू नका; कॅन्युलात पांढरा चोथा धरतो.

किडनीच्या पेशंटला ॲट्रा. ते हॉफमन पद्धतीनं, म्हणजे शरीरात आपोआप, आणि एस्टर तुटून संपतं, किडनीची वाट बघत नाही. दम्याच्या पेशंटला मात्र मी व्हेकच देते, कारण ॲट्रानं हिस्टामिन सुटतं आणि श्वासनळ्या आवळू शकतात.

आता खरा घोळ होतो तो शेवटी, औषधाचा असर उतरवताना. सिस्टर म्हणतात, "मॅडम, श्वास घेतोय की पेशंट!" घेतोच. डायफ्राम या औषधांना दाद कमी देतो आणि लवकर सुटतो. घशाचे स्नायू मागं राहतात. छाती हलते, पण थुंकी गिळता येत नाही, जीभ मागं पडते. पाच सेकंद मान उचलली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला विजेचे चार झटके देणारं यंत्र) घ्या, मनगटाजवळ अल्नर नसेवर लावा, अंगठा बघा. अंगठ्याचे चारही झटके दिसल्यावरच निओस्टिग्मिन (असर उलटवणारं औषध) द्या. खोल ब्लॉकवर, म्हणजे स्नायू अजून पुरते लुळे असताना, ते ओतून उपयोग नाही. ५० किलोला निओस्टिग्मिन २.५ मिग्रॅ आणि नाडी मंदावू नये म्हणून ग्लायको (ग्लायकोपायरोलेट) ०.५ मिग्रॅ, म्हणजे नेहमीच्या ॲम्प्यूलचे ५ मिली आणि २.५ मिली. मग दहा मिनिटं धीर धरा. चौथा झटका पहिल्याच्या ०.९ पट व्हायला हवा, आणि ०.४ च्या पुढं हा फरक नुसत्या हाताला कळतच नाही. आकडा दाखवणारं मशीन जमेल तेव्हा घ्याच. सुगामाडेक्स हे असर उतरवणारं दुसरं औषध व्हेक-रोक्यूवर चालतं, ॲट्रावर नाही.

एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणातल्या फिट्सच्या) बाईला मॅग्नेशियम चालू असेल किंवा वॉर्डात जेंटामायसिन, अमिकासिनसारखं अँटिबायोटिक दिलं असेल, तर रिलॅक्संटचा असर लांबतो. टॉप-अप, म्हणजे मधले वाढीव डोस, कमी आणि उशिरा.

फवारणीचं औषध प्यालेला पेशंट आपल्याकडं नवा नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असेल तर स्कोलीन तोडणारं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम आधीच बंद पडलेलं असतं, म्हणून स्कोलीन तासन्‌तास उतरत नाही. नळी टाकायला रोक्यू घ्या, कदाचित जास्त लागेल. आणि त्याला निओस्टिग्मिन अजिबात नाही, व्हेंटिलेटरवरच ठेवा.